समीक्षाची हातोडी आणि 'छान' पेशंट

मी हातोडी बोलतेय. थांबा, खिळे शोधायला धावू नका! मी त्यातली नाही. माझं डोकं रबराचं, दांडा बारीक स्टीलचा, आणि माझ्या हातून आजवर एक खिळा सरळ गेलेला नाही. डॉक्टर लोक गुडघ्याखाली टक्‌कन मारतात आणि पाय उडतो की नाही ते बघतात ना, ती मी. कॉलेजात मला 'नी हॅमर' म्हणतात. भाजे गावात काय म्हणतात ते पुढं सांगते.

माझा जन्म नेमका कुठं झाला ते मला माहीत नाही. डोकं एका गावात ओतलं, दांडा दुसऱ्या गावात कापला आणि तिसऱ्याच माणसानं दोघांची गाठ घालून दिली, ओळख ना पाळख. तरी जमलं आमचं. मग पुण्यातल्या एका सर्जिकलच्या दुकानात काचेच्या कपाटात येऊन पडले. शेजारी स्टेथोस्कोप होता. त्याचा तोरा काय विचारता! येणारं प्रत्येक पोर आधी त्याला गळ्यात घालणार, आरशात बघणार, फोटो काढणार. माझ्याबरोबर कुणी फोटो काढल्याचं मला तरी आठवत नाही.

एके दिवशी भाज्याचा संदेश आपल्या लेकीला घेऊन दुकानात आला. लेक म्हणजे समीक्षा. डॉक्टरकीला लागलेली, गावातली पहिली. संदेशनं मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि दुकानदाराला विचारलं, "ही कशाला ओ? घरात एक हाय की हातोडी."

"पप्पा, प्लीज!" समीक्षा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

अशी मी समीक्षाच्या बॅगेत आले.

आता पोरगी वाईट होती असं मी म्हणणार नाही. हुशार होती, मरमर अभ्यास करायची. पण तिला एक रोग जडला होता आणि त्याचं औषध तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तिला वेळ नव्हता. आईचा फोन आला की "वेळ नाही गं." मैत्रीण रडायला लागली की "मला खरंच वेळ नाहीये." जेवायला वेळ नाही म्हणून उभ्यानं खायची, आणि पचनसंस्थेच्या धड्यात नीट चावून खावं असं लिहिलंय त्याच्याखाली लाल रेघ ओढायची. एकदा तर मोबाइल उभा करून तिनं व्हिडिओ बनवला, मेडिकलच्या मुलीचा धावपळीचा दिवस. आपल्याला श्वास घ्यायलाही फुरसत नाही हे दाखवायला तिला अख्खी दुपार लागली. त्यात मीसुद्धा दिसले, पण अर्धीच.

शनिवारी संध्याकाळी ती पुण्याहून लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरायची. पांढरा ॲप्रन खरं तर बॅगेत ठेवायचा, पण स्टेशन जवळ आलं की तो आपोआप हातावर यायचा, बाहेरून सगळ्यांना दिसेल असा. स्टेशनवरचा टमटमवाला केरबा तिला बघून दुसऱ्यांना उठवायचा. "उठा ओ, डॉक्टरीणबाईला जागा द्या."

घरी आजोबा महिपती, आजी शालूबाई, आईवडील. भाताचं शेत. पण पावसाळ्यात शनिवार-रविवारी भाज्याला गाड्यांचा पूर येतो. धबधबा बघायला, लेणी बघायला, आणि मुख्य म्हणजे एकमेकांच्या गाड्या बघायला. तेव्हा संदेशनं घरापुढचं एक खाचर मोकळं ठेवलं होतं, पार्किंगला. महिपती आबा कडेला खुर्ची टाकून गळ्यात शिट्टी घालून बसायचे. "येऊ द्या, येऊ द्या... बास! बास म्हनलं ना!" अशी फुर्र फुर्र शिट्टी मारायचे की मोठमोठ्या गाड्या मुकाट शेपटीला शेपटी लावून उभ्या राहायच्या. आत शालूबाई आणि समीक्षाची आई पाहुण्यांच्या पिठलं-भाकरीच्या गडबडीत.

माझी भाज्यातली पहिली ठोक आबांच्याच गुडघ्यावर पडली. समीक्षाला सराव करायचा होता. टक्‌. आबांचा पाय असा उडाला की समोरची चहाची कपबशी थेट अंगणात! आबा चकित. "आरं! म्या न्हाई उचलला पाय, त्यो आपनहून गेला!"

झालं. मावळात भातलावणीनं गुडघे न धरलेली बाई शोधून सापडायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर रांग. महिपतीच्या नातीकडं हातोडी हाय, गुडघ्याला लावली की आखडल्याला पाय सुटतोय, अशी वार्ता गावभर झालेली. समीक्षानं आधी समजावलं, "मावशी, हा उपचार नाही, ही तपासणी आहे." कोण ऐकतंय! एकजण म्हणाली, "आसूं दे, तपासनी तर तपासनी. जरा जोरात कर." मग समीक्षानं घड्याळ बघितलं, समजावण्यापेक्षा मारणं लवकर उरकतं हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ओळीनं सगळ्यांचे गुडघे ठोकून काढले. मला हसावं की रडावं कळेना. बायका मात्र लंगडतच, पण खुशीत घरी गेल्या. तेव्हापासून माझं नाव 'गुडघेवाली'.

आता कॉलेजच्या हॉस्पिटलाचं सांगते. पुण्याच्या अलीकडं, हायवेला लागून ते आहे. वॉर्डात पोरं घोळक्यानं फिरतात आणि त्यांची एक वेगळीच भाषा असते. त्यातला एक शब्द तुम्हांला सांगून ठेवते, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. तो शब्द 'छान'.

तुम्ही-आम्ही छान कशाला म्हणतो? जेवणाला, लुगड्याला, बाळाला. डॉक्टरकीच्या पोरांचं उलटं. ज्याचं सगळं ठीक आहे त्याच्यात शिकण्यासारखं काही नसतं. त्याला पोरं "काही नाही रे त्याच्यात" म्हणून सोडून देतात. ज्याचा हात हलत नाही, पाय उचलत नाही, तोंड वाकडं झालंय, तो छान. दोन रोग एकदम असतील तर फारच छान.

सहा नंबरच्या खाटेवर लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा कोंडाजी होता. त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं, म्हणजे एक बाजू लुळी पडली होती. परीक्षा तोंडावर आलेली. त्यामुळं सहा नंबरवर नुसती झुंबड. प्रत्येकानं यायचं, चादर वर करायची, माझ्यासारख्या हातोडीनं ठोकायचं, मग दांड्याच्या टोकानं तळपायावर टाचेपासून बोटांकडं रेघ ओढायची. निरोगी माणसाची बोटं खाली मुडपतात. मेंदूला इजा झाली असेल तर अंगठा वर जातो. कोंडाजीचा अंगठा असा झोकात वर जायचा की पोरं एकमेकांना हाका मारून बोलवायची. "ए, ये ना, बघ किती छान आहे!" समीक्षाही त्यातच.

उशाशी त्याची बायको सरूबाई बसलेली असायची. ती बिचारी काय करणार? तिला इंग्रजी येत नव्हतं. एवढ्या बोलण्यातला तिला कळणारा शब्द एकच, छान. तोही सकाळ-संध्याकाळ, येईल त्याच्या तोंडी. एका सकाळी तिनं पिशवीतून चिक्कीचा डबा काढला आणि घोळक्यापुढं धरला.

"घ्या गं, घ्या रं पोरांनो. लोनावळ्याची हाय. समदी जनं छान म्हनताय, म्हंजी उतार पडला म्हनायचा मालकांना."

आता कुणीतरी बोलायला हवं होतं की नाही? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं, आणि चिक्की घेतली! कुडुम्‌ कुडुम्‌ खाल्ली! समीक्षानं दोन वड्या घेतल्या, एक खिशात टाकली, मी होते त्याच खिशात. माझ्या दांड्याला गूळ चिकटला तो धुवून काढावा लागला.

"ताई, मंग घरी कवा सोडत्याल?" सरूबाईनं तिला विचारलं.

"मावशी, मला आत्ता वेळ नाही. सरांना विचारा हं."

चारेक दिवसांनी सहा नंबरवर दुसराच माणूस झोपला होता, नुसत्या तापाचा. "शी, छान केस गेली!" समीक्षा हळहळली. कुठं गेली ते तिनं विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती भाज्यात ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मी शेजारी. बाहेर गाड्यांची ही रांग, गाणी, भिजलेली पोरं, कणसांचा धूर. आबांची शिट्टी चालू होती. फुर्र. फुर्र. मग एकदम नुसतं फुस्स. आबांनी परत फुंकली, परत फुस्स. ओठाच्या एका कोपऱ्यातून वारा निसटत होता. मग शिट्टी तोंडातून गळाली आणि आबा खुर्चीतून उजवीकडं कलले.

"समे! आबाच्या अंगावरनं वारं गेलं गं!" शालूबाईनं हंबरडा फोडला.

संदेशनं आणि केरबानं आबांना उचलून ओट्यावर आणलं. केरबाची टमटम दारातच होती. आता आबांना आत घालायचं आणि निघायचं, दुसरं काही नाही. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, ते लवकर द्यावं लागतं, उशीर झाला की उपयोग नाही. हे समीक्षाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. गेल्याच महिन्यात त्यावर तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

पण ओट्याभोवती जमलेल्या बाया ओरडायला लागल्या, "हातोडी काढ! गुडघेवाली काढ, बगतीस काय!" आणि घाबरलेला माणूस जे पाठ असतं तेच करतो. समीक्षानं मला उचललं आणि परीक्षेत करतात तसं पहिल्यापासून सुरू केलं.

"आबा, तुमचं नाव काय? आज वार कोणता? भुवया वर करा. दात दाखवा."

"समे, घालू का टमटमीत?" संदेश घायकुतीला आला होता.

"एक मिनिट, पप्पा!"

कोपर ठोकलं, गुडघे ठोकले. मग मला उलटं धरलं आणि दांड्याच्या टोकानं आबांच्या तळपायावर रेघ ओढली. डावा पाय, बोटं खाली गेली. उजवा पाय. अंगठा हळूच, अगदी पुस्तकात लिहिलंय तसा वर गेला.

"वा! छान!" समीक्षा म्हणाली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. "छान हाय! छान म्हनली डॉक्टरीणबाई!" शालूबाईनं मला हात जोडले, मला! समीक्षाची आई पदरानं डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. केरबानं कपाळाचा घाम निपटला. "छान हाय व्हय? मंग मी ह्या शिटा टेशनला सोडून येतो, लय वेळ ताटकळल्यात." आणि तो गेलासुद्धा! टमटमीचा आवाज लांब जाईपर्यंत मी ऐकला. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती.

आबा तेवढे बोलायचा प्रयत्न करत होते. "अं... अं..." एवढंच येत होतं. हनुवटीवर लाळ ओघळली होती. समीक्षानं अंगठ्यावरची नजर काढून वर बघितलं आणि तिला तो चेहरा दिसला. केस नव्हे, आबा दिसले. मी तिच्या मुठीत होते.

"छान न्हाई!" ती किंचाळली. सगळं पुस्तकी बोलणं गळून पडलं. "आज्ये, छान न्हाई! वारं गेलंय! पप्पा, गाडी काढा!"

"अगं मंग छान का म्हनलीस?" शालूबाईनं विचारलं.

समीक्षा तोवर अंगणात उतरली होती.

गाडी काढा म्हणे! संदेशची जीप खाचराच्या पार मागच्या कोपऱ्यात होती, आणि तिच्यापुढं पाहुण्यांच्या गाड्या, आबांनीच शिट्ट्या मारून शेपटीला शेपटी लावून उभ्या केलेल्या. मालक सगळे धबधब्यात. मग समीक्षा अनवाणी धावली, मला हातात धरून. पण त्या दिवशी रस्त्यावर टमटमसुद्धा पळू शकत नव्हती, म्हणून केरबा सापडला. पाहुण्यांना खाली उतरवलं. "अहो, आम्ही पैसे दिलेत!" म्हणणाऱ्या बाईकडं तिनं असं काही बघितलं की बाई स्वतःच छत्री विसरून उतरली. टमटम वळवून दारात आणली, आबांना आडवं घातलं, शालूबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पण पुढं मळवलीच्या फाटकापर्यंत गाडीला गाडी चिकटलेली. कुणी रस्त्यात नाचतंय, कुणी दार उघडून सेल्फी काढतंय. केरबाचा हॉर्न कुणी मनावरच घेईना. तेव्हा समीक्षा पुढं चालत निघाली आणि प्रत्येक गाडीच्या बॉनेटवर मला हाणायला लागली. ठाप! ठाप! "बाजूला घ्या! म्हातारं माणूस आहे! घ्या बाजूला!" काय सांगू तुम्हांला, गुडघ्यावर टकटक करण्यात माझं आयुष्य गेलं, पण ठोकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

एका उंच पांढऱ्या गाडीतल्या पोरानं काच खाली केली. "एक्स्क्यूज मी, गाडी नवीन आहे!"

"आणि आजोबा जुने आहेत माझे! सरक!"

ती ठोक इतक्या जोरात बसली की माझं रबराचं डोकं उडालं आणि कणसवाल्याच्या शेगडीपलीकडं चिखलात जाऊन पडलं. गाडी मात्र सरकली. मग पुढची सरकली. फाटक उघडं होतं, नशीब.

आबा कॉलेजच्या हॉस्पिटलात वेळेत पोचले, काठावरच पोचले. इंजेक्शन मिळालं. "अजून थोडं रेंगाळला असतात तर अवघड होतं," तिथले डॉक्टर म्हणाले. आपण कुठं रेंगाळलो ते घरातल्या कुणीच सांगितलं नाही.

आबांना कोंडाजी होता त्याच वॉर्डात ठेवलं. समीक्षाच्या खिशात मी, बिनडोक्याची, तिनं मला फेकलं नव्हतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिच्या मागच्या वर्षाची पोरं घोळक्यानं आली. एकानं विचारलं ना सवरलं, आबांची चादर वर केली, तळपायावर रेघ ओढली आणि मागं वळून म्हणाला, "ए, या ना! किती छान आहे!"

शालूबाई धाय मोकलून रडायला लागली. "आरं देवा, आजून छानच हाय का रं!"

पोरगं बावचळलं. आपण काय वाईट बोललो ते त्याला कळेना. समीक्षानं उठून आबांच्या पायांवर चादर ओढली. "आधी यांना नमस्कार कर," ती म्हणाली. "नाव सांग. मग आजीला सांग, तू काय बघितलंस आणि त्याचा अर्थ काय. मराठीत सांग."

"मॅडम, आम्हांला आत्ता वेळ..."

"सांग."

त्यानं अडखळत सांगितलं. शालूबाईनं डोळे पुसून मान हलवली.

मग समीक्षा उठून वॉर्डातल्या मावशींकडं गेली. "मावशी, मागं सहा नंबरला औंढ्याचे कोंडाजी होते. ते घरी गेले ना?"

मावशी फडकं पिळत म्हणाल्या, "त्ये? त्ये वारलं की गं. बायको चिक्कीचा डबा हितंच इसरून गेली, बघ, कपाटात तसाच हाय."

समीक्षानं तो डबा घेतला. अर्धा रिकामा होता, पोरांनी खाल्लेला. ती तो छातीशी धरून जिन्यात बसली आणि रडली, मला हुंदके खिशात जाणवत होते. पुढच्या शनिवारी ती लोणावळ्याला उतरून औंढ्याला जाऊन आली. सरूबाईशी काय बोलली मला माहीत नाही, मला तिनं त्या दिवशी घरी ठेवलं होतं. डबा परत आणला नाही एवढं खरं.

आबा आता घरी आहेत. शब्द येत नाही, उजव्या हातात फारसा जोर नाही. माझा दांडा त्यांच्या त्याच मुठीत असतो. घट्ट धरायचा, सोडायचा, परत धरायचा, असा व्यायाम सांगितलाय. माझं डोकं कणसवाल्यानं शोधून आणून दिलं, पण शालूबाईनं ते टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. तिथं त्याचं बरं चाललंय. गुडघे घेऊन येणाऱ्या बायांना समीक्षा आता खाली बसवते आणि मांडीचे व्यायाम शिकवते. त्या नाराज आहेत. "हातोडीचा गुन लय होता," म्हणतात.

आणि 'छान' हा शब्द घरात कुणी काढायचा नाही असं न सांगताच ठरलंय. परवा एका पाहुणीनं पिठल्याचा घास घेतला आणि "काकू, छान!" म्हणाली, तर समीक्षाच्या आईच्या हातून ताटलीच निसटली. पाहुणीला वाटलं, तिखट लागलं म्हणायला हवं होतं.

तुम्ही कधी माझ्या जातवाल्यांच्या हाती सापडलात तर घाबरू नका, आम्ही दुखवत नाही. फक्त ठोकणाऱ्याला एकदा विचारा, काय दिसलं बाबा तुला? उत्तर आल्याशिवाय चिक्की देऊ नका.

काल रविवार होता. संध्याकाळी समीक्षा पाठीला बॅग लावून निघाली, लोकलची वेळ झाली होती. उंबऱ्यात चपला घालता घालता तिनं विचारलं, "येते आबा. कसं वाटतंय?"

विचारलं आणि थांबली. चपला काढल्या, बॅग खाली ठेवली, खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसली. आबांनी माझा दांडा घट्ट आवळला. ओठ जमवले, सुटले, परत जमवले. कपाळाची शीर तट्ट फुगली.

"छा..." आबा म्हणाले. "छा... न."

शालूबाईनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. समीक्षाचा चेहरा पांढराफटक. तेवढ्यात आबांच्या तोंडाची डावी बाजू हसली, डोळे मिचकले.

"मुडद्या म्हाताऱ्या!" शालूबाई ओरडली. "मस्करी करतोस व्हय? जीव गेला असता की माझा!" आणि ती हसायलाच लागली, पदर तोंडाला लावून, हसता हसता रडायला लागली. समीक्षानं आबांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. गुडघा हलला नाही. मळवलीकडं लोकलचा भोंगा वाजला. तिनं ऐकला, आणि ती तशीच बसून राहिली.